नाचणाऱ्या दिव्यांची पेटी

लाल किल्ला पाहून चांदनी चौकात शिरले, की थोड्याच अंतरावर उजव्या हाताला भगीरथ पॅलेस लागतो. एकोणिसाव्या शतकात ही बेगम समरूची हवेली होती. आता येथे विजेच्या सामानाचा घाऊक बाजार भरतो. दिवाळीच्या तोंडावर तर पाय ठेवायलाही जागा नसते.

तयार माळा सगळेच नेतात. पण संगणकाच्या तालावर माळा नाचवणारी पेटी घरीच बनवणारे हौशीही असतात. वायर, फ्यूज भगीरथ पॅलेसमध्ये मिळतात. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटात.

पेटीतील कळीची गोष्ट एकच. पेटीतले छोटे सर्किट साधारण पाच व्होल्टचा इशारा देते आणि माळ चालते २३० व्होल्टवर. या दोघांची गाठ पडली, तर सर्किट जळेलच, पण माणसाच्या जिवावरही बेतेल. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर बसवतात. त्यातून निरोप तारेने नव्हे, प्रकाशाने जातो. तो मिळताच ट्रायॅक माळ लावतो किंवा विझवतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये याच भगीरथ पॅलेसला मोठी आग लागली. अनेक दुकाने खाक झाली, ती पूर्ण विझायला काही दिवस लागले. तेव्हा खरेदीच्या यादीत दिव्यांआधी योग्य क्षमतेचा फ्यूज, झाकणाची धातूची पेटी आणि तिच्या अर्थिंगची तार लिहावी. जोडणी जाणत्या वायरमनला दाखवावी. मग गच्चीवर माळा खुशाल नाचू द्याव्यात!