खाटेजवळचे त्रैराशिक

अंकगणिताच्या तासाला त्रैराशिक सुरू झाले, की एक प्रश्न वर्गात हमखास उद्भवतो. तो मोठ्याने विचारण्याचे धैर्य एखाद्यालाच होते. मनात मात्र तो बहुतेकांच्या असतो. 'या गणितांचा पुढे उपयोग काय?' पाच वह्यांची किंमत अमुक, तर सात वह्यांची किती? आठ मजूर एक भिंत बारा दिवसांत बांधतात, तर सोळा मजूर ती किती दिवसांत बांधतील? असली उदाहरणे सोडविताना मलाही वाटे, की वह्यांचा हिशेब दुकानदार करीलच, आणि भिंत बांधण्याची पाळी आपणावर कशाला येते! पुढे मी परिचारिकेचा व्यवसाय पत्करला, आणि आज कित्येक वर्षे दिवसातून दहा-वीस वेळा मी हीच दोन गणिते करीत आले आहे. फरक एवढाच, की शाळेतील पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असत.

सुरतेतील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची मूळ गावे खानदेशातली. तापी ज्या मुलखातून वाहत येते, त्याच मुलखातून आपले वाडवडीलही पोटापाण्यासाठी इकडे आले. त्या खानदेशाचा आणि या गणिताचा जुना ऋणानुबंध आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला, अशी नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिक आहे, आणि त्याच्या पाठोपाठ व्यस्त त्रैराशिकही आहे. परंतु मला विशेष वाटते ते ग्रंथाच्या आरंभाचे. कोणतेही गणित घालण्यापूर्वी आचार्य मापे सांगून टाकतात : दोन यव म्हणजे एक गुंज, तीन गुंजा म्हणजे एक वाल, याप्रमाणे. आधी माप, मग रीत. औषध देणाऱ्याने नेमका हाच क्रम पाळावयाचा असतो, आणि घाईच्या वेळी नेमका हाच क्रम सुटतो.

आमचे माप मिलिग्रॅमचे. एक मिलिग्रॅम म्हणजे किती थोडे, हे अन्य गावच्या मुलांस समजावून सांगणे कठीण; सुरतेच्या मुलांस ते सोपे आहे. ज्यांचे वडील किंवा काका हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतात, त्यांनी कॅरेट व सेंट हे शब्द घरीच ऐकलेले असतात. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग, म्हणजे एक सेंट, अवघा दोन मिलिग्रॅमचा. तेवढ्या वजनाच्या फरकाने हिऱ्याची किंमत बदलते. नवजात बालकाच्या औषधाचा हिशेबही तितकाच बारीक असतो.

तो हिशेब असा. डॉक्टर औषध वजनात लिहितात, ते कुपीत असते द्रवरूपाने, आणि सिरिंज मोजते मिलिलिटर. या तिहींची सांगड परिचारिकेला घालावी लागते. समजा, बालकाचे वजन २.४ किलो आहे आणि जेंटामायसिन हे औषध दर किलोस ५ मिलिग्रॅम याप्रमाणे लिहिले आहे. म्हणजे बालकास १२ मिलिग्रॅम द्यावयाचे. कुपीवर '२ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम' असे छापलेले आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. तेव्हा १२ मिलिग्रॅमसाठी १.२ मिलिलिटर ओढावयाचे. हे झाले वह्यांच्या किमतीचे गणित. भिंतीचे गणित कोठे येते, ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नवजात बालकांच्या वॉर्डात संध्याकाळची पाळी होती. नुकतेच शिक्षण संपवून आलेली एक मुलगी माझ्याबरोबर होती. वर सांगितले तेच औषध व तितकीच मात्रा एका बालकास तीन दिवस चालू होती, आणि १.२ मिलिलिटर हा आकडा आम्हां सर्वांच्या तोंडी बसलेला होता. त्या दिवशी लहान मुलांच्या कुप्या संपल्या होत्या व त्यांऐवजी मोठ्या माणसांच्या आल्या होत्या. आकार तोच, आतला द्रवही तेवढाच, दोन मिलिलिटर. मात्र त्यात औषध २० नव्हे, ८० मिलिग्रॅम होते. औषधाची वेळ टळून गेली होती, दोन बालके रडत होती, आणि बाहेर नातेवाइकांची गर्दी होती. ती मुलगी सिरिंज हातात घेऊन क्षणभर थांबली आणि मजकडे वळून म्हणाली, "ताई, ही कुपी निराळी आहे का हो? यावर ८० लिहिलंय."

"थांब, तू तुझं गणित कागदावर कर; मी माझं करते," मी म्हणाले. "उत्तर मला सांगू नकोस."

हे 'सांगू नकोस' महत्त्वाचे आहे. दुसऱ्याने उत्तर आधी सांगितले, की आपले मन त्याच उत्तराकडे धावते. 'अमुकच ना, ताई?' असे विचारल्यावर दमलेला माणूस 'होय' म्हणून जातो. पडताळा पाहावयाचा तो दोघांनी निरनिराळा, आणि कागद शेवटी समोरासमोर ठेवावयाचे. आमच्या दोन्ही कागदांवर ०.३ मिलिलिटर आले. कुपीचा जोर चौपट झाला, तेव्हा द्रव चौथा हिस्सा झाला. मजूर वाढले की दिवस कमी होतात, त्यातलाच हा प्रकार. जुन्या सवयीने १.२ मिलिलिटर दिले असते, तर त्या अडीच किलोच्याही आतल्या जीवाच्या अंगात १२ ऐवजी ४८ मिलिग्रॅम औषध गेले असते. हे औषध प्रमाणाबाहेर गेल्यास मूत्रपिंडास आणि कानाच्या आतील भागास अपाय होऊ शकतो. मोठ्या माणसास ऐकू येईनासे झाले तर तो तसे सांगतो. पाच दिवसांचे मूल कोणाला काय सांगणार?

त्या मुलीने गणित अचूक केले, याचे मला तितकेसे कौतुक वाटले नाही. ते सातवीच्या विद्यार्थ्यासही येते. वेळ टळलेली असताना, वडील सहकारी शेजारी उभी असताना, रोजचा आकडा पाठ असताना तिने कुपीवरील छापील अक्षरे वाचली, आणि संशय मनात न ठेवता तोंडाने बोलून दाखविला, याचे खरे कौतुक. लेबल तीनदा वाचावे, अशी आमच्या व्यवसायात शिकवण आहे : कुपी हाती घेताना, औषध भरताना, आणि कुपी परत ठेवताना. ही शिकवण ऐकावयास कंटाळवाणी वाटते खरी.

कुप्यांच्या सारखेपणाने कोठवर मजल जाते, ते अमेरिकेत दिसून आले. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन नावाचे औषध देतात. त्याच्या एका कुपीत मिलिलिटरला १० युनिट असतात, तर दुसरीत १०,०००. दोहोंची लेबले निळसर व एकसारखी दिसत. इ. स. २००६ मध्ये इंडियानापोलिस येथे त्यांची अदलाबदल होऊन तीन नवजात बालके दगावली. पुढील वर्षी लॉस एंजेलिस येथे डेनिस क्वेड या चित्रपटनटाच्या जुळ्या अर्भकांच्या बाबतीत तीच चूक झाली; ती दोघे सुदैवाने वाचली. हजारपट मात्रा! गरिबी, अज्ञान, साधनांची टंचाई यांपैकी एकही कारण तेथे नव्हते. इ. स. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या चुकांपासून होणारी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला, यावरून हा प्रश्न एका देशाचा नाही, हे उघड आहे.

आता घराकडे वळू. कारण औषध देण्याचे काम रुग्णालयापेक्षा घरांतून अधिक चालते. घरची परिचारिका म्हणजे आई. आणि जिला इंग्रजी वाचता येत नाही, त्या आईची परिचारिका म्हणजे शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी. 'बाटलीवर काय लिहिलंय रे, वाच जरा' असे तुम्हांपैकी कितीकांस घरी सांगितले जात असेल!

तापावरील पॅरासिटामॉलचेच पाहा. तान्ह्या मुलांचे थेंबाचे औषध बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. त्याच औषधाच्या पातळ सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतात, आणि दाट सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २५०. डॉक्टरांनी दहा किलोच्या मुलास एका वेळी १५० मिलिग्रॅम सांगितले असेल, तर थेंबाचे औषध दीड मिलिलिटर पुरते, दाट सिरप तीन मिलिलिटर लागते, आणि १२० चे पातळ सिरप सव्वासहा मिलिलिटर. मूल तेच, औषध तेच, आकडे मात्र तीन. थेंबाची छोटी बाटली लहान मुलांसाठी म्हणून ती सौम्य, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तिन्हींत तीच सर्वांत तीव्र. सव्वासहा हा आकडा लक्षात ठेवून कोणी तेवढे थेंबाचे औषध दिले, तर १५० च्या जागी ६२५ मिलिग्रॅम जातील. स्वयंपाकघरातील चमच्याविषयी तर बोलावयासच नको. चहाचा, भाजीचा, आमटीचा, प्रत्येक चमचा निराळा. बाटलीबरोबर येणारे मापाचे टोपण किंवा सिरिंज फेकून देऊ नये.

मधुमेहाच्या इन्सुलिनची गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडे मिळणाऱ्या बाटलीत सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर दुसऱ्या प्रकारात १००. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. समजा, २० युनिट घ्यावयाचे आहेत. ४० ची बाटली आणि चुकून १०० ची सिरिंज घेतली, तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही पोटात आठच युनिट जातात, आणि साखर का उतरत नाही म्हणून घरचे लोक आजोबांच्या गोड खाण्यावर रागावतात. उलट, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज झाली, तर २० च्या जागी ५० युनिट जातात. साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडतो. त्यात प्राणही जाऊ शकतो. यासाठी गणितसुद्धा नको. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढे पाहावयाचे.

आकड्यांवरून आठवले. सुरतेच्या मराठी घरात तीन लिप्यांतील अंक एकत्र नांदतात : देवनागरी, गुजराती व इंग्रजी. इंग्रजी आठाचा आकडा मराठी चाराच्या (४) जवळचा दिसतो. मराठी एक (१) घाईने लिहिला तर इंग्रजी नऊ भासतो. ज्या आजीला केवळ मराठी अंकांची ओळख आहे, तिच्या हाती इंग्रजी अंकांची चिठ्ठी देऊन चालत नाही. तिच्यासाठी संख्या अक्षरांत लिहावी : 'सकाळी अर्धी गोळी, रात्री एक'. दशांशचिन्हाचेही तसेच. अर्धा मिलिग्रॅम लिहावयाचा तर चिन्हापूर्वी शून्य द्यावे. नाहीतर टिंब पुसट झाले की अर्ध्याचे पाच होतात. पूर्ण पाच लिहिताना मात्र पुढे टिंब व शून्य मुळीच देऊ नये. त्याचे पन्नास होतात. युनिट या शब्दाचे नुसते इंग्रजी आद्याक्षर लिहिण्याची चाल आम्ही टाळतो ती याचसाठी, की ते शून्यासारखे दिसते आणि सहाचे साठ होतात.

हिशेब बरोबर असूनही औषध चुकीच्या माणसास जाऊ शकते. इ. स. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली, ती वडीलधाऱ्यांस आठवत असेल. लाखो लोक शहर सोडून गेले, आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून पाहता पाहता नाहीशा झाल्या. ते औषध प्लेगवर चालते, हे खरे. तथापि आठ वर्षांखालील मुलांस ते सहसा देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर त्याचे कायमचे डाग पडतात. गर्भवती स्त्रियांसही ते टाळतात. भीतीच्या दिवसांत घरातील सर्वांस सारखी कॅप्सूल वाटावी, असे कर्त्या माणसास वाटले तर त्याला दोष तरी कसा द्यावा? त्या वेळी विचारावयाचे कोणाला, हाच मोठा प्रश्न असतो.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, अशा पाच गोष्टी आम्ही प्रत्येक वेळी ताडून पाहतो. त्यांत पहिली सर्वांत सोपी वाटते. तशी ती नाही. आमच्या वॉर्डात एका वेळी तीन पाटील असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. 'तुम्ही पाटील ना?' असे विचारले, तर ग्लानीतला रुग्ण कशालाही मान डोलावतो. म्हणून आम्ही 'आपले पूर्ण नाव सांगा' असे म्हणतो, आणि ते दर खेपेस म्हणतो. अमळनेरकडच्या एका आजीबाईंना याचा फार राग येई. "काल सांगितलं, सकाळी सांगितलं, आता पुन्हा विचारतेस? विसरतेस किती गं, बाई!" असे म्हणून त्यांनी एके दिवशी आपले, यजमानांचे, सासऱ्यांचे व गावाचे नाव एका दमात सांगितले, आणि मला पुन्हा तसदी नको म्हणून शेजारच्या खाटेवरील पाटीलबाईंचेही सांगून टाकले. मी त्यांच्या मनगटावरील पट्टी वाचली, कागदाशी ताडून पाहिली, आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवली.