डोंबिवलीतलं न पाहिलेलं घर

डोंबिवली म्हटलं की आठवते खच्चून भरलेली लोकल आणि दिवाळीच्या पहाटे नटूनथटून फडके रोडवर जमणारी तरुणाई. पण परवा मी आणि नवरा तिथे गेलो ते पेपरातल्या लिलावाच्या दोन जाहिराती कापून घेऊन! कर्ज थकलं की 2002च्या सरफेसी कायद्याखाली बँक घर ताब्यात घेऊन विकायला काढते. बाजारभावापेक्षा स्वस्त मिळण्याची आशा असते, म्हणून आमच्यासारख्या भाडेकरूंचे डोळे लगेच चमकतात.

पहिली बिल्डिंग पूर्वेला, गणेश मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर. भाव एकदम झकास. वर पाहिलं तर बाल्कनीत शाळेचा युनिफॉर्म वाळत होता. जाहिरातीतल्या ‘सांकेतिक ताबा’ या दोन शब्दांचा अर्थ हाच. ताबा कागदावर, माणसं घरात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, आणि त्याला किती महिने लागतील हे कुणी लिहून देत नाही. बेल वाजवायचा धीर झाला नाही. गुपचूप जिना उतरलो.

दुसरी पश्चिमेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराला बँकेचं सील, म्हणजे प्रत्यक्ष ताबा. नावाची पाटी काढल्याच्या फक्त चार खुणा. पाहणीच्या वेळेला किल्लीवाले साहेब मात्र आलेच नाहीत. मग काय, बाहेरूनच घर वाचायला घेतलं. मागच्या भिंतीवर बाथरूमच्या रेषेत हिरवी ओल, म्हणजे पाइप बदलणं आलं. सज्जाचं प्लास्टर सुटून सळ्या दिसत होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “आत या गं, वरचं घर अस्संच आहे.” खोल्या बघून झाल्या, आणि त्यांच्या छतावरचा गळतीचा डागही. सेक्रेटरी काकांनी मेंटेनन्सच्या थकबाकीचा आकडा सांगितला. 60 हजार! विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर, म्हणजे तेही आपल्याच माथी धरून चालायचं.

आता पैशाचा फंडा. राखीव किमतीच्या साधारण 10 टक्के इसारा अनामत आधी भरायची. बोली जिंकलात, तर त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामत धरून 25 टक्के. उरलेले विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तर फार तर 3 महिन्यांत. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त! तेव्हा वकिलाकडून कागद तपासून आणि होम लोनचं आधी पक्कं करूनच पुढे जा.

आम्ही त्या भागातला भाव 38 लाख धरला. दुरुस्ती, थकबाकी आणि सीलमागे काय दडलंय कोण जाणे, यासाठी 6 लाख वजा केले. 32च्या वर एक रुपयाही नाही, असं ठरवून अनामत भरली. लिलाव पुढच्या आठवड्यात आहे. घर मिळालं, तर पहिलं काम काकूंच्या छताचं.