रोबोला आमची बोली येईल का?

रमजानमधल्या एका रात्री, तरावीह उरकून घरी आलो तेव्हा जावईबापूंनी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली होती. टेबलावर लहान मुलाएवढा एक रोबो बसलेला. समोर एक गोरा मुलगा. रोबो हात वर करतो, मुलगाही करतो. मग रोबो थांबतो, मुलाची पाळी येते. मुलगा हसतो आणि रोबोच्या डोळ्यांत बघतो. खाली जावयाने एवढेच लिहिले होते : 'नाना, आपल्याकडे हे मिळेल का?'

आम्ही दोघांनी, म्हणजे नाना-नानीने, ती तीनदा पाहिली. आमचा नातू तिथेच पंख्याखाली पडून फिरत्या पात्यांकडे बघत होता. तो सात वर्षांचा आहे. हाक मारली तर वळत नाही, पण दोन गल्ल्यांपलीकडे गिरणी सुरू झाली की त्याला आधी कळते. लेक-जावई दोघेही शहरात नोकरी करतात. तिथल्या खोलीत तो रात्री ओरडायचा आणि शेजारी दार वाजवायचे. म्हणून तो आमच्याजवळ आष्टीला असतो.

त्याला काय झाले आहे हे कळायला आमची दोन वर्षे गेली. कोणी म्हणाले नजर लागली. कोणी म्हणाले मामाही उशिराच बोलला होता. आम्ही दर्ग्यावर गेलो, तावीज बांधला, पाणी फुंकून आणले. आम्ही आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेले मास्तर. पण नातवाची वेळ आली तेव्हा आम्हीही दोरे बांधत फिरलो, हे कबूल केले पाहिजे. एका डॉक्टरांनी 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून परत पाठवले. शेवटी पुण्यात, तो चार वर्षांचा असताना, एका डॉक्टरीणबाईंनी शब्द उच्चारला : ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन पहिल्यांदा एकत्र लिहिले. आईच्या दुर्लक्षामुळे हे होत नाही, नजरेने होत नाही आणि लसीनेही होत नाही. गोवराच्या लसीवर संशय घेणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी आमच्या मोहल्ल्यात लेकीला अजून विचारतात, 'पोटुशी असताना काय खाल्लं होतंस गं?'

तर तो रोबो. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ पासून कॅस्पर नावाचा रोबो घडवला गेला. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवला आहे. माणसाच्या चेहऱ्यावर एका क्षणात शंभर गोष्टी हलतात आणि अशा मुलांचा त्यात गोंधळ उडतो. कॅस्परचे हसू दर वेळी तेच. गुदगुल्या केल्या तर तो खूश होतो, जोरात मारले तर दुखले म्हणून सांगतो. हजार वेळा चुकले तरी तो वैतागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसलाटी आणि सहकाऱ्यांनी बारा मुलांच्या घरी महिनाभर रोबो ठेवला. रोज अर्धा तास मूल, घरचे माणूस आणि रोबो असे तिघे मिळून खेळत. समोरचा जिकडे बघतो तिकडे आपणही बघायचे, ही कला या मुलांना अवघड जाते. महिन्याअखेरीस रोबो समोर नसतानाही मुलांची त्यात सुधारणा दिसली. सगळ्याच प्रयोगांत असे यश आले असे नाही. पण बारा घरांत आले, हेही काही कमी नाही.

यंत्राने माणसाची सेवा करावी ही कल्पना आम्हाला परकी नाही. इस्माईल अल-जझरी या कारागिराने १२०६ साली आपला यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात वुजूसाठी पाणी ओतणारी यंत्रे आहेत, कारण बादशहाला नोकराने हातावर पाणी घातलेले आवडत नसे. माणसाचा हात नको, यंत्राचा चालेल, असे वाटणारा आमचा नातू पहिला नव्हे.

मात्र जावयाला उत्तर द्यायला बसलो तेव्हा दोन अडचणी दिसल्या. एक पैशाची. मॉक्सी नावाचा रोबो अमेरिकेत सुमारे ८०० डॉलरना विकला जाई. २०२४ च्या डिसेंबरात तो बनवणाऱ्या कंपनीने बंद होत असल्याचे जाहीर केले. रोबोचा मेंदू कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, त्यामुळे घरोघरच्या मुलांचा दोस्त मुका होण्याची वेळ आली. येलच्या प्रयोगातील जिबो रोबोच्या कंपनीचेही आधी तेच झाले होते. ज्या मुलाला नेहमीचा पेला बदलला तरी रडू फुटते, त्याच्या दोस्तालाच कुलूप लागले तर त्याला कोणी समजावायचे?

दुसरी अडचण भाषेची. घरात आम्ही दखनी बोलतो. शाळा मराठी. अरबी पढायला मौलानांकडे जावे तर तिथे उर्दू. रोबो बोलणार इंग्रजी. एकाने आम्हाला सल्ला दिला होता की घरात एकच भाषा ठेवा, तीही मराठी किंवा इंग्रजी. आम्ही सहा महिने तसे केले. नानी त्याला भरवताना पुस्तकी मराठी बोलू लागली आणि हळूहळू बोलेनाशीच झाली. जी अंगाई तिने लेकीला गायली ती नातवाला गाता येईना. पुढे पुण्याच्या बाईंनीच सांगितले की दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. जी भाषा मनापासून येते तीच बोला. त्या रात्री नानी परत गायली. नातू पंख्याकडेच बघत होता, पण पाय ताल धरत होते.

मग गिरणीची गोष्ट घडली. दळण टाकायला आम्ही त्याला बरोबर नेऊ लागलो होतो. पट्टा फिरतो, पीठ पडते, घरघर एका सुरात चालते. तिथे तो शांत असे. गिरणीवाले काका दर वेळी तोच डबा बघून त्याच सुरात विचारत, 'काय मालक, गहू का ज्वारी?' आणि थांबत. उत्तर यायचे नाही. तरी थांबत. मागे गिऱ्हाईक असले तरी मनात दहा मोजल्याइतके थांबत आणि मग म्हणत, 'बरं, ज्वारी.' चार महिने असे चालले. एक दिवस काका फोनवर होते, विचारायचे राहून गेले. नातवाने डबा ओट्यावर ठेवला आणि हुबेहूब काकांच्या आवाजात विचारले, 'काय मालक, गहू का ज्वारी?' काकांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, 'ज्वारी, मालक.' नातवाने मान हलवली. प्रश्न त्याचा, उत्तर काकांचे. पण पाळीपाळीने दोन माणसे बोलली होती. आम्ही पिठाचा डबा विसरून घरी आलो.

नंतर ती चित्रफीत पुन्हा पाहिली तेव्हा उमगले की रोबो जे करतो ते काकांनी केले होते. तेच शब्द, तोच सूर, आणि थांबणे. यंत्राला थांबायला कष्ट पडत नाहीत, माणसाला पडतात.

आम्हाला स्वतःला थांबता आले नाही, तेही सांगतो. एका जुम्याला त्याला मशिदीत नेले. रुकू, सजदा, पुन्हा उभे राहणे, हा ठरलेला क्रम त्याला आवडतो. तो सफीत नीट उभा राहिला, पण खुत्बा चालू असताना हात फडफडवून हसला. नमाज झाल्यावर एक जण म्हणाले, 'मास्तर, याला घरीच ठेवत जा ना.' आम्ही वाद घातला नाही. वर्षभर त्याला नेलेच नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांच्यापेक्षा आम्हालाच त्याची लाज वाटली होती. कुरआनच्या ८०व्या सूरेचा, 'अबस'चा प्रसंग आम्हाला लहानपणापासून ठाऊक. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम काही विचारायला आले तेव्हा पैगंबर (स.) मक्केच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते, त्या अंध माणसाकडून तोंड फिरल्याबद्दल अल्लाहने आपल्या प्रेषितालाच समज दिली. हेच सहाबी पुढे मदिनेत अजान देत. सूरह पाठ होती, तरी आम्ही तोंड फिरवले. आता इशाला, गर्दी नसते तेव्हा, आम्ही दोघे शेवटच्या सफीच्या कोपऱ्यात उभे राहतो. परवा शेजारच्या तरुणाने न बोलता जागा करून दिली.

आमच्यासारख्या घरांसाठी थोडे व्यवहाराचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे; तिला मतिमंदत्वाच्या रकान्यात ढकलू देऊ नका. प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे ओळखपत्र काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. ही कामे लाजेपायी राहतात. आणि आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा विचार करा. सहा महिने कोपीत राहणाऱ्या आईने असे मूल कोणाजवळ ठेवायचे, कुठल्या डॉक्टरला दाखवायचे? तिच्यापर्यंत अजून तो शब्दच पोचलेला नाही, मग रोबो कुठला!

२३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीला रेल्वे आली, तेव्हा आमच्या पिढीला खरे वाटेना. उद्या रोबोही येईल, नाही कशाला म्हणा. आला तर आम्ही दार उघडू. फक्त त्याला दखनी शिकवावी लागेल आणि गिरणीवाल्या काकांसारखे 'मालक' म्हणायला. जावयाला त्या रात्री उत्तर दिले नव्हते. काल पाठवले : 'अजून मिळत नाही. तोवर सुट्टीत या आणि याच्यासोबत गिरणीवर जा. तो विचारील. घाई न करता उत्तर द्या.'