खालून उघडणारी खिडकी

रत्नागिरीच्या घराला स्लायडिंग खिडक्या नकोत, हे आज मी पक्कं केलं. दोन पल्ल्यांची स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते आणि आषाढात खालच्या पट्टीत साठलेलं पाणी वाऱ्यासरशी आत येतं. मग सगळं बंद करून कोंदट हवेत बसायचं; कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते ती अशानंच.

त्याऐवजी ऑनिंग खिडकी. तिची बिजागरी वर असते, झडप खालून बाहेर ढकलायची. तिरकी काच छोट्या छपरासारखी पाऊस बाहेर सारते आणि खालच्या फटीतून वारा येत राहतो. पावसात उघडी ठेवता येणारी खिडकी! कोकणात याहून अधिक काय हवं?

पावसाची झोड थेट समोरून आली तर ही खिडकीही लावावीच लागते, हे खरं. ग्रिल आणि जाळी आतून बसवायची. वरच्या मजल्यावर काच बाहेरून पुसणं कठीण. पडवीच्या बाजूला तर नकोच, उघडी झडप चालणाऱ्याच्या कपाळाशी येते. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि जिना इथे मात्र हीच.

समुद्राजवळ बांधत असाल तर बिजागऱ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच मागा. खाऱ्या हवेत 304 लवकर गंजतं.