लाकडावरची वीट

लाकडावर वीट चढवायची हे ऐकून आबांनी हातातली थापी खाली ठेवली. ते गवंडी, मी सुतार. देवगाव फाट्यावरच्या आमच्या दुकानात दोन्ही कामं होतात, पण एकाच कपाटावर ती कधी भेटली नव्हती.

पहिलं कपाट बिघडलं. श्रावणात सागवानी फळीवर सिमेंटनेच विटेच्या पातळ चिपा लावल्या. आबांच्या शिकवणीप्रमाणे वीट आधी पाण्यात भिजवली. वैशाखात एका रात्री त्या टपटप गळाल्या. चिपांच्या पाठीला सिमेंट जसंच्या तसं होतं, फळीवर नुसता ओलीचा डाग उमटून गेलेला. ती फळी मी अजून जपून ठेवली आहे.

कारण खरं तर पायाखालीच होतं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावरच्या भिंतीला तडे जातात. लाकूडही तसंच. लांबीत ते जवळपास हलत नाही, आडव्या अंगाने मात्र फुगतं, आकसतं. भाजलेली वीट जागची हलत नाही. न हलणारं हलणाऱ्याला घट्ट बांधलं की कुणीतरी सुटणारच.

म्हणून आता फळीवर आधी सिमेंट बोर्ड, आठ-आठ इंचांवर स्क्रू. त्यावर दातेरी थापीने पॉलिमरचं ॲडहेसिव्ह. चीप भिजवायची नाही, ओल्या फडक्याने धूळ तेवढी टिपायची. कपाट जिथे भिंतीला किंवा ओट्याला टेकतं, तिथे दोन सूत फट ठेवून सिलिकॉन भरायचं. चिपांमधल्या दरजा भरण्याआधी विटांना सीलरचा हात द्यायचा, नाहीतर फोडणीचं तेल वीट पिऊन टाकते आणि तो डाग जन्मात निघत नाही.

दारांवर मात्र मी वीट लावत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. चार सूत जाडीची चीप चौरस फुटाला दोन किलो भरते. दोन बाय अडीचच्या दारावर दहा किलो झाले, ॲडहेसिव्हचं वजन वेगळं. बिजागरी ढिली पडते. कपाटाची बाजू आणि ओट्याखालचा बंद भाग, एवढंच.

मागच्या वैशाखात या नव्या पद्धतीच्या दुसऱ्या कपाटाला वर्ष झालं. आबा त्या घरी गेले, चहा बाजूला ठेवला आणि थापीच्या मुठीने एकेक वीट वाजवत खाली बसत गेले. तळच्या ओळीत एक पोकळ वाजली. तिच्यावर त्यांनी खडूने फुली मारली आणि मला छिन्नी मागितली.