कॅमेरा, लेन्स आणि साठचा बल्ब

गेल्या शुक्रवारी चहाच्या मशीनपाशी आमच्या टीममधल्या एका नवीन मुलानं मला गाठलं. "दादा, पहिला कॅमेरा घ्यायचाय. सेकंडहँड डीएसएलआर घेऊ की मिररलेस? आणि लेन्स कुठली?" हातात लॅपटॉप, त्यावर एक्सेल शीट आणि शीटमध्ये लाल-हिरवे-पिवळे रकाने. मला एकदम गहिवरूनच आलं. कारण असंच एक शीट माझ्याकडे पण आहे. २००८ सालचं. २२ कॉलम!

त्याला तिथे उभ्याउभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. ज्यांना कॅमेऱ्यात रस नाही त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद खुशाल गाळावेत.

तर झालं असं, की २००८ साली मी अंधेरीला सीप्झमध्ये होतो. रोज मुलुंडहून लोकल, कांजूरमार्गला उतरायचं आणि तिथून शेअर रिक्षानं लिंक रोडवरची धूळ खात ऑफिस. नुकतीच पगारवाढ झाली होती आणि जगात मंदी यायची होती, म्हणजे पैसे उडवायला अगदी योग्य मुहूर्त. बजेट ठरवलं ३५ हजार. त्यात बसणारे दोन कॅमेरे होते. निकॉनचा डी६० आणि कॅननचा १०००डी. दोन्ही त्याच वर्षी आलेले, दोन्ही दहा मेगापिक्सेलच्या आसपास, दोन्हींबरोबर १८-५५ची किट लेन्स. म्हणजे निवडायला तसं काही नव्हतंच. पण इंजिनीअर माणसाला निवडायला काही नसलं की तो जास्त अभ्यास करतो!

मी तीन महिने अभ्यास केला. सेकंदाला किती फोटो, बॅटरी किती चालते, वजन किती, स्क्रीन किती इंचाचा. ऑफिसातला एक बोरिवलीकर मित्र कट्टर कॅननवाला. तो दर रविवारी नॅशनल पार्कात फुलपाखरांच्या मागे फिरायचा. मला म्हणाला, "अरे, बॉडीचं काय घेऊन बसलास? बॉडी चार वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षं टिकते. आधी लेन्स ठरव." मी मान डोलावली आणि शीटमध्ये बॉडीचा तेविसावा कॉलम घातला.

ऑक्टोबरात दसऱ्याच्या मुहूर्तावर फोर्टात गेलो. स्टेशनसमोरच्या बोरा बझारच्या गल्लीत तेव्हा कॅमेऱ्यांची दुकानं ओळीनं होती. दुकानदारानं दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले आणि विचारलं, "भाई, फोटो किसका खींचना है?"

बावीस कॉलम पाठ होते, पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. भांडुप पंपिंग स्टेशनजवळच्या खाडीत येतात ते फ्लेमिंगो, येऊरचे पक्षी, पावसाळ्यातले किल्ले वगैरे. त्यानं शांतपणे आणखी एक ५५-२०० काढून समोर ठेवली. ती पण घेतली. कॅमेरा निकॉनचा घेतला, कारण हातात धरल्यावर बरा वाटला. तीन महिन्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष हा असा!

फ्लेमिंगो त्या हिवाळ्यात आले. मी पण गेलो. २०० मिलीमीटरमधून तो पक्षी गुलाबी तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. असो.

खरी गोष्ट पुढेच आहे.

२००९च्या जानेवारीत आमच्या मुलुंडच्या सोसायटीची सभा झाली आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं. मे महिन्यापर्यंत घरं रिकामी करायची. आईबाबा त्या घरात १९७४ पासून राहत होते. सामान आवरताना बाबांचे जुने अल्बम निघाले. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० नंबरचा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. रोल आणि धुलाई मिळून खर्च इतका, की एक रोल गणपतीपासून होळीपर्यंत पुरवायचा.

अल्बम चाळताना एक गोष्ट लक्षात आली. सगळे फोटो उन्हातले. आम्ही गच्चीवर, राणीच्या बागेत, गेटवेला, मामाच्या अंगणात. सगळ्यांचे डोळे किलकिले. घराच्या आतला फोटो जवळजवळ नाहीच. आणि ज्या स्वयंपाकघरात आईचं पस्तीस वर्षांचं आयुष्य गेलं तिथला एकही नाही. बाबांना हौस नव्हती असं नाही. त्या कॅमेऱ्याला उजेडच पुरायचा नाही. उजेड नाही म्हणून फोटो नाही, आणि फोटो नाही म्हणून अल्बमच्या हिशेबात ती खोली नाहीच!

म्हटलं, हे काम आपलं. आपल्याकडे डीएसएलआर आहे.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे आठ बाय सहा. एक छोटी खिडकी, ती पण मागच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी वर साठचा पिवळा बल्ब. (ट्यूब तीन वेळा बसवून झाली होती. आईला ट्यूबमध्ये पोळी भाजली की नाही ते कळत नाही म्हणे.) मी किट लेन्स लावली, झूम ५५ला नेली, आयएसओ १६००. कॅमेरा म्हणाला, सेकंदाचा आठवा भाग. फोटोत ओटा झकास आला, भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, आणि आईच्या हातांच्या जागी धूर.

आता इथे कॅमेऱ्याचं थोडं सांगायलाच हवं. लेन्सवर व्हीआर लिहिलेलं असतं, म्हणजे आपला हात हलला तर ती तो हलणं भरून काढते. पण ती आपल्या हाताचं बघते, आईच्या नाही. पोळी लाटणारा हात थांबवायचा तर शटर जलद हवं, आणि शटर जलद हवं तर उजेड जास्त हवा. फ्लॅश मारून बघितला. आई भिंतीवर चिकटवलेल्या कटआउटसारखी दिसली आणि वर डोळे मिटले. "अरे, तवा दिसेना मला, बंद कर ते!"

राहिला एकच उपाय, जास्त उजेड आत घेणारी लेन्स. किट लेन्स ५५ला एफ ५.६पर्यंतच उघडते. ५० मिलीमीटरची साधी बिनझूमची लेन्स एफ १.८पर्यंत उघडते. ५.६ला १.८ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा, साधारण साडेनऊ येतात. म्हणजे त्याच बल्बखाली साडेनऊपट उजेड, आणि सेकंदाच्या आठव्या भागाऐवजी ऐंशीवा भाग मिळू शकतो. तेवढ्यात लाटणं थांबतं! आणि ही लेन्स महाग पण नाही. निकॉनची ५० एफ १.८ डी ही त्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक होती. शनिवारी फोर्टात जाऊन घेऊन आलो.

लावली. बटण दाबलं. स्क्रीनवर 'एफईई' अशी अक्षरं लुकलुकायला लागली. म्हटलं आता आणखी कसली फी? मॅन्युअल काढून वाचलं, तर लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग २२वर नेऊन लॉक करायची असते. केली. पुन्हा बटण दाबलं. फोकस होईना. मोटरचा आवाजच नाही.

आणि मग ट्यूब पेटली. (स्वयंपाकघरातली नव्हे.) कॅननने १९८७ साली जुना माउंट मोडीत काढून नवा आणला आणि फोकसची मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. निकॉनने १९५९चा माउंट सोडला नाही. त्यांनी मोटर बॉडीत ठेवली, आणि ती एका छोट्या स्क्रूसारख्या दांड्यानं लेन्सला फिरवायची. पुढे त्यांनी पण लेन्समध्ये मोटरी घालायला सुरुवात केली, आणि २००६च्या डी४०पासून लहान, स्वस्त बॉडीतली मोटर काढून टाकली. माझा डी६० त्याच घराण्यातला. त्यामुळे 'डी'वाल्या जुन्या लेन्सना त्यावर ऑटोफोकस नाही. बोरिवलीकराच्या कॅननवर तसलीच ५०ची प्लॅस्टिकची लेन्स गुमान ऑटोफोकस करायची. माझ्या शीटमध्ये स्क्रीन किती इंचाचा हा कॉलम होता, मोटर आहे का हा नव्हता.

लेन्स परत करायला निघालो होतो. पण घर सोडायला सहा आठवडे उरले होते. म्हटलं, बाबांनी काय ऑटोफोकसवर काढले होते का फोटो? तर हातानं रिंग फिरवायची, व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे एक हिरवा ठिपका पेटतो, तो स्थिर झाला की बटण दाबायचं. दुसरी अडचण म्हणजे डी६०चा सेन्सर लहान, त्यामुळे ५०ची लेन्स ७५सारखी वागते. आठ बाय सहाच्या खोलीत उभं राहिलं तर फोटोत आईचं फक्त नाक येतं. मागे सरकत सरकत मी हॉलमध्ये आलो आणि दाराच्या चौकटीतून फोटो काढायला लागलो.

रोज संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी दहा मिनिटं. पहिले दोन दिवस आई पदर सारखा करत राहिली. "अरे, पसारा आहे सगळा, कसले फोटो काढतोस?" तिसऱ्या दिवसापासून तिनं माझ्याकडे लक्ष देणं सोडलं. मग फोटो यायला लागले. शंभरातले पंधरा नीट, बाकी फोकस हुकलेले. पण त्या पंधरांमध्ये आईचे हात होते, पिठाचे, थांबलेले.

एका फोटोत बाबा पण आलेत. ते हॉलमध्येच, माझ्या आणि दाराच्या मध्ये खुर्चीवर पेपर वाचत बसलेले होते. पण एफ १.८ला उजेड मिळतो तो फुकट मिळत नाही. त्या अंतरावर जेमतेम वीतभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, पुढचं मागचं सगळं विरघळतं. आई अगदी स्वच्छ, आणि कडेला बाबा म्हणजे एक पांढरट ढग, हातात पेपरच्या आकाराचं काहीतरी. तेव्हा मला वाटलं, किती सुंदर ब्लर आलाय! आडोशाला चांगले झाले बाबा. त्यांचा वेगळा फोटो नंतर काढू. मेमध्ये ट्रक आला. त्याच वर्षी निकॉननं मोटरवाली ३५ एफ १.८ आणली, लहान खोलीसाठी नेमकी हवी तशी. ती मी घेतली, पण तोवर खोली गेली होती.

आणि हो, पावसाळा. मुंबईत लेन्सचा खरा शत्रू बुरशी. दमट हवेत, बंद बॅगेत ठेवली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि कोटिंग खाते. बाबांच्या क्लिक थ्रीचं तेच झालं होतं. यावर आईनं मला तिचा कुरडयांचा हवाबंद डबा दिला. त्यात निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी टाकायची. ती गुलाबी झाली की तिनं पाणी प्यायलं समजायचं, मग जुन्या निकामी कढईत तापवून पुन्हा निळी करायची. इतक्या वर्षांनंतर माझी ५०ची काच आजही स्वच्छ आहे. डी६० केव्हाच निकामी झाला. बोरिवलीकर बरोबर होता!

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ साली मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि त्यांचा सगळा जोर आता तिकडे आहे. नवं, पुढे वाढवत न्यायचं असेल तर मिररलेस घे. पैसे कमी असतील तर जुना डीएसएलआर अजून उत्तम फोटो काढतो, फक्त घेताना लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघ. जुन्या लेन्स नव्या बॉडीला लावायचा विचार असेल तर आधी नीट वाच. माझी ५० डी घेऊन मी निकॉनच्या मिररलेसला लावायला गेलो होतो. त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये पण ती मोटर नाही! पुन्हा आपली रिंग आणि आपला हात.

पण हे सगळं नंतर. शीटमध्ये आधी एक कॉलम घाल, सगळ्यात डावीकडे. 'फोटो किसका?' माणूस की पक्षी, उन्हात की बल्बखाली, खोली केवढी. तो कॉलम भरला की लेन्स आपोआप ठरते, आणि लेन्स ठरली की बॉडी. मी हे उलटं केलं आणि ५५-२०० वर्षभर कपाटात ठेवली.

बाबा २०१७ साली गेले. त्यांचे वेगळे फोटो आहेत की, लग्नकार्यातले, नव्या घरातले. पण त्या जुन्या हॉलमध्ये, त्या खुर्चीवर बसलेले बाबा माझ्याकडे तेवढेच आहेत, ढगाच्या रूपात. एफ ८ला काढला असता तर दोघं बऱ्यापैकी ओळखू आले असते, आणि आईचे हात पुन्हा धूर झाले असते. गणित तेच आहे, मी ते अनेकदा करून पाहिलंय.

तो फोटो आता अकराव्या मजल्यावरच्या नव्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर लावलाय. इथे भरपूर उजेड असतो, फोनवर पण चांगले फोटो येतात. मध्यंतरी एक पाहुणे आले होते. त्यांनी फोटोकडे निरखून बघत विचारलं, "हे कडेला काय आलंय हो, पडदा का?"

आईनं मान पण वर केली नाही. म्हणाली, "पडदा कसला? हे आहेत. चहाची वाट बघतायत."