मुलांचा दमा आणि नेब्युलायझर

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू



नेब्युलायझर म्हणजे पातळ औषधाचे बारीक तुषार करून ते श्वासावाटे फुप्फुसात पोचवणारे यंत्र. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतालचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना छातीतून सूं सूं आवाज येऊ लागतो. तोंडाने घेतलेले औषध आधी पोटात, मग रक्तात आणि अंगभर फिरते. तुषार मात्र थेट आवळलेल्या नळीवर पडतात, म्हणून थोड्या औषधात आणि काही मिनिटांत उतार पडू लागतो. हे तुषार थंड असतात. पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेने दमा उतरत नाही, मूल भाजण्याचा धोका तेवढा असतो.

बेंगळुरूतल्या मुलांचा दमा डॉ. एच. परमेश यांनी वीस वर्षे मोजला. 1979 ते 1999 या काळात दर पाच वर्षांनी, एकूण 20,000 मुलांच्या रुग्णालयीन पाहणीत दम्याचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 29.5 टक्क्यांवर गेलेले दिसले. रुग्णालयात येणारी मुले मुळात आजारी असतात, म्हणून हा आकडा सगळ्या शहराचा धरता येत नाही. त्यांची शाळांतली पाहणी अधिक बोलकी आहे. 12 शाळांतल्या 6,550 मुलांपैकी कमी रहदारीच्या भागात 11.15 टक्के, दाट रहदारीच्या भागात 19.34 टक्के आणि दाट रहदारीच्याच भागातल्या गरीब वस्तीत 31.14 टक्के मुलांना दमा आढळला. ग्रामीण भागात हेच प्रमाण 5.7 टक्के होते. मोठ्या रस्त्याकाठी राहणाऱ्या घरांसाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. इलेक्ट्रॉनिक सिटीचेच पाहा: ती 1970 च्या दशकाअखेर कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर आखली गेली. आज तिला लागून होसूर रस्त्याची अवजड वाहतूक आहे, पलीकडे बोम्मसंद्र आणि जिगणीच्या औद्योगिक वसाहती आहेत आणि बांधकामाची धूळही आहे.

घरात वापरतात ते बहुधा जेट नेब्युलायझर. त्याचा कॉम्प्रेसर हवा दाबून बारीक छिद्रातून सोडतो. त्या झोताबरोबर कपातले औषध वर ओढले जाते आणि फुटून त्याचे तुषार होतात. 1 ते 5 मायक्रॉनचे थेंब बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतात, मोठे थेंब तोंडात आणि घशातच चिकटतात. कपात औषध आणि नॉर्मल सलाइन मिळून 3 ते 4 मिलिलिटर द्रव लागतो आणि तो संपायला आठ-दहा मिनिटे जातात. सलाइनऐवजी नळाचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी घालणे धोक्याचे आहे. त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि नुसत्या पाण्याच्या तुषारांनी श्वासनलिका आणखी आवळू शकतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात बुडेसोनाइडसारखे गढूळ औषध नीट उडत नाही, हे खरेदीआधीच पाहिलेले बरे.

इतके करूनही कपातल्या औषधाचा साधारण दहावा हिस्साच फुप्फुसात जातो. मास्क चेहऱ्यापासून बोटभर दूर धरला तर हा वाटाही फार घटतो. मूल रडत असले तर औषध वरच्या वरच अडकते. म्हणून झोपलेल्या मुलाच्या तोंडासमोर नळी धरून ठेवण्यापेक्षा मांडीवर सरळ बसवून, गोष्ट सांगत मास्क नीट टेकवणे जास्त कामाचे.

मराठी घरांत मशीनपेक्षा पंपाची, म्हणजे इनहेलरची, भीती मोठी. पंप उग्र असतो, त्याची सवय लागते, असे आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. आकडे याच्या अगदी उलट आहेत. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. लहान मुलाला मशीनमधून एका वेळी सहसा 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या पंचवीस पट दिले जाते. सवयही दोन्हींची लागत नाही. पंपाचा जन्मच नेब्युलायझरला कंटाळलेल्या मुलीमुळे झाला: अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने आपले औषध स्प्रेच्या डब्यात का मिळत नाही, असे विचारले आणि 1956 मध्ये पंप बाजारात आला.

पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ लहान मुलाला साधत नाही. ती अडचण स्पेसर दूर करतो. फवारा नळकांड्यात थांबतो आणि मूल चार-सहा साध्या श्वासांत तो घेते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात जिवावर न बेतलेल्या अ‍ॅटॅकमध्ये स्पेसरने औषध घेतलेल्या मुलांना दाखल करावे लागण्याचे प्रमाण मशीनवाल्यांपेक्षा जास्त नव्हते. तातडीच्या कक्षातून ती सरासरी अर्धा तास आधी सुटली आणि त्यांच्या छातीची धडधडही कमी वाढली. केप टाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवले की स्पेसर विकत घेणे परवडत नसेल तर 500 मिलिलिटरची प्लास्टिकची बाटलीही नीट बसवून तेच काम देते. यंत्राचा आवाज आणि पांढरा धूर पाहून आईवडिलांना धीर येतो, हे समजण्यासारखे आहे. पण बहुतेक मुलांना मशीन विकत घेण्याची गरज नसते. अ‍ॅटॅक तीव्र असेल, सोबत ऑक्सिजन द्यायचा असेल किंवा मूल स्पेसर मुळीच घेत नसेल, तिथे नेब्युलायझरची खरी जागा आहे.

औषधांचेही दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल आणि जोडीला दिले जाणारे इप्राट्रोपियम आवळलेले स्नायू सैल करतात. आराम लगेच पडतो, पण सूज तशीच राहते. बुडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड सूज उतरवते, मात्र ते डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवस, मूल खेळते-बागडते असतानाही, नेमाने द्यावे लागते. इथेच बहुतेक घरांत उपचार मोडतो. धाप थांबली की रोजचे औषध बंद होते आणि पुढच्या सर्दीला पुन्हा मशीन निघते. मशीन वारंवार काढावे लागत असेल तर दमा आटोक्यात नाही. स्टेरॉइडनंतर चूळ भरायला लावावी आणि मास्क लावलेला असल्यास तोंड धुवावे, म्हणजे जिभेवर पांढरी बुरशी धरत नाही.

वापरानंतर कप आणि मास्क धुऊन, झटकून हवेवर सुकवायचे असतात. हवेची नळी धुवायची नसते. ओलसर दिसल्यास यंत्र दोन मिनिटे नुसते चालवले की ती सुकते. फिल्टर काळवंडला की बदलावा आणि एका भावंडाचा मास्क दुसऱ्याला लावू नये.

घरच्या यंत्राचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्यापायी रुग्णालयात जायला होणारा उशीर. फासळ्या आत ओढल्या जाणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, तान्ह्याने दूध सोडणे, ओठ निळे पडणे, मूल गुंगीत जाणे, रक्तातला ऑक्सिजन 92 टक्क्यांखाली येणे, यांपैकी एकही दिसले तर निघायला हवे. सूं सूं आवाज अचानक थांबला आणि मूल मात्र धापा टाकतेच आहे, ही सुधारणा नव्हे. हवा आत-बाहेर होणेच थांबत आल्याचे ते चिन्ह असते. रुग्णालयात पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी असे तीनदा औषध देतात, तेही ऑक्सिजनच्या जोरावर, आणि सोबत तोंडाने किंवा शिरेतून स्टेरॉइड देतात. घरच्या कॉम्प्रेसरमधून ऑक्सिजन मिळत नाही. कर्नाटकात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. वाटेत पंप आणि स्पेसर चालू ठेवता येतात. त्यांना वीज लागत नाही.